व्यथित मन आणि काव्य

इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात होऊन गेलेल्या डायोडोरस ह्या ग्रीक इतिहासकाराने इजिप्तमधील एका पुरातन राजाच्या ग्रंथसंग्रहाचे वर्णन केले आहे. त्या ग्रंथालयाच्या दारावर, हे आत्म्यावर उपचार करण्याचे स्थान होय, अशा अर्थाचा लेख कोरलेला होता, असे तो सांगतो. शरीराला औषध लागते तसे मनालाही लागते आणि ते ग्रंथांत सापडते, ही समजूत इतकी जुनी आहे. आपल्याकडेही घरात मृत्यू झाला म्हणजे कोणाकडे गरुडपुराण लावतात, कोणाकडे भजन होते, ख्रिस्ती घरांत शेजारीपाजारी जमून प्रार्थना म्हणतात. दुःखाच्या घरी माणसे रिकाम्या हातांनी जातात. शब्द मात्र बरोबर घेऊन जातात.

शब्दांनी दुःख हलके होते, असे म्हणणे सोपे आहे. ते कसे होते, हे सांगणे अवघड आहे. ह्या प्रश्नाची दोन उत्तरे सामान्यतः दिली जातात. पहिले उत्तर असे की, वाचनाने दुःखाचा विसर पडतो. दुसरे असे की, वाचनाने बोध मिळतो. दोन्ही उत्तरांत थोडे तथ्य आहे. पण केवळ विसर पडलेले दुःख पुस्तक मिटताक्षणी उंबऱ्याशी येऊन उभे राहते. आणि बोधाविषयी बोलायचे, तर तो दुःखी माणसाजवळ आधीपासूनच असतो. मृत्यू कोणाला चुकलेला नाही, हे ज्याला ठाऊक नाही असा शोकग्रस्त मनुष्य शोधून सापडणार नाही. ठाऊक असूनही मन शांत होत नाही, हेच तर त्याचे दुःख असते. तेव्हा काव्याचा गुण विसरात नाही आणि बोधातही नाही, तर मग तो कशात आहे, ह्याचा शोध काही प्रत्यक्ष उदाहरणांच्या आधारे घेतला पाहिजे.

पहिले उदाहरण अशा एका माणसाचे आहे की, ज्याचे नाव काव्याच्या संदर्भात सहसा कोणी घेत नाही. जॉन स्टुअर्ट मिल हा महाराष्ट्राला परिचित आहे तो बुद्धिवादाचा आचार्य म्हणून. आगरकरांच्या पिढीने त्याचे ग्रंथ मोठ्या निष्ठेने अभ्यासले. हिंदुस्थानाशी त्याचा संबंध केवळ ग्रंथांपुरता नव्हता. १८२३ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, तो ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनमधील कचेरीत कामास लागला, आणि १८५८ पर्यंत तेथेच राहिला. इकडील देशी संस्थानांविषयीचा पत्रव्यवहार तयार करण्याचे काम बरीच वर्षे त्याच्याकडे होते. ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे, हैदराबाद ही नावे ह्या गृहस्थाच्या लेखणीखालून वारंवार गेली असली पाहिजेत.

मिलचे शिक्षण हा एक विलक्षण प्रयोग होता. त्याचे वडील जेम्स मिल ह्यांनी मुलाला शाळेत घातले नाही, स्वतःच शिकवले. तिसऱ्या वर्षी ग्रीक, आठव्या वर्षी लॅटिन, आणि पुढे तर्कशास्त्र व अर्थशास्त्र, अशा क्रमाने हा मुलगा इतका तयार झाला की, विशीच्या आत तो मोठमोठ्या विद्वानांच्या पंक्तीला बसू लागला. विचार करणे, पृथक्करण करणे, चूक शोधून काढणे, ह्या सर्व शक्ती त्याच्या ठायी पूर्णपणे विकसित झाल्या होत्या. भावनेच्या जोपासनेला मात्र त्या अभ्यासक्रमात जागा नव्हती. लोकांचे कल्याण करावयाचे, समाज सुधारावयाचा, हे त्याच्या जीविताचे ध्येय ठरलेले होते, आणि त्या ध्येयात तो सुखी होता.

१८२६ सालच्या शरद ऋतूत, वयाच्या विसाव्या वर्षी, त्याच्या मनाला एक अवकळा आली. ज्या ज्या सुधारणांसाठी आपण झटतो आहोत, त्या सर्व ह्या क्षणी घडून आल्या, तर आपल्याला आनंद होईल काय, असा प्रश्न त्याने स्वतःला विचारला. आणि आतून स्पष्ट नकार आला. जीविताचा पायाच खचला. काम चालू राहिले, पण ते यंत्रासारखे. आवडते ग्रंथ उघडावे, तर त्यांतील रस गेलेला. हे कोणाला सांगावे, तर सांगण्यासारखे कोणी नव्हते. वडिलांना सांगणे तर अशक्यच. कारण ज्या शिक्षणातून हे ओढवले ते वडिलांनीच अपार कष्टाने दिलेले होते, आणि ते फसले असे त्यांना कळवून उपयोग तरी काय होता? १८२६-२७ चा हिवाळा त्याने असाच काढला. ह्या स्थितीत वर्षापलीकडे तग धरणे आपल्याला शक्य नाही, असे त्याला वाटू लागले होते.

सुटकेचा पहिला किरण आला तो एका फ्रेंच लेखकाच्या आठवणींतून. मार्मोंतेलचे आत्मचरित्र तो सहज चाळीत होता. त्यात लेखकाच्या वडिलांच्या मृत्यूचा प्रसंग आहे. घरावर कोसळलेली आपत्ती, आणि आपण ह्या सर्वांना वडिलांच्या ठायी होऊ असा त्या लहान मुलाने केलेला निश्चय, हे वाचताना मिलच्या डोळ्यांतून अश्रू आले. त्या अश्रूंनी त्याला एक गोष्ट कळली: आपण दगड झालेलो नाही. भावना मेलेली नाही. ती कोठेतरी जिवंत आहे. त्या दिवसापासून ओझे थोडे हलके झाले.

पण पुरता गुण अजून आला नव्हता. त्याने बायरनचे काव्य हाती घेतले. बायरन हा उत्कट भावनेचा कवी. त्याच्या काव्याने भावना जागी होईल अशी मिलची अपेक्षा होती. घडले उलटेच. बायरनच्या काव्यातील मनुष्य सर्व सुखांना विटलेला, जीविताला कंटाळलेला असा आहे. मिलला त्यात स्वतःचेच चित्र दिसले, आणि आजाऱ्याला दुसऱ्या आजाऱ्याची संगत मिळावी त्यापलीकडे काही लाभले नाही. मग १८२८ च्या शरद ऋतूत त्याने वर्ड्‌स्वर्थ प्रथमच वाचला. कसली मोठी आशा धरून नव्हे, केवळ कुतूहलाने. आणि जे औषध हवे होते ते येथे मिळाले.

ते का मिळाले, ह्याचे मिलने स्वतःच केलेले विवेचन त्याच्या आत्मचरित्रात आहे. हा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १८७३ साली, प्रसिद्ध झाला. वर्ड्‌स्वर्थच्या काव्यात डोंगर, तळी, वाटा, खेड्यातील साधी माणसे आहेत. मिलला डोंगराळ प्रदेशाची ओढ लहानपणापासून होती. पण केवळ सृष्टिवर्णनाने हे काम झाले नसते, असे तो स्वतःच म्हणतो. निसर्ग पाहताना मनाची जी अवस्था होते, भावनेच्या रंगात विचार जसा रंगून जातो, ते ह्या कवितांत त्याला सापडले. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, हा आनंद कोणाचे काही हिरावून घेऊन मिळणारा नव्हता. तो सर्व मनुष्यमात्राला वाटून घेता येण्यासारखा होता. जगातील सर्व अन्याय दूर झाल्यावरही माणसाला सुख देत राहील असे काही आहे काय, हाच तर त्याचा मूळ प्रश्न होता. त्याचे उत्तर त्याला एका कवीने दिले. वर्ड्‌स्वर्थहून मोठे कवी झाले आहेत, हे मिल मोकळेपणाने कबूल करतो. पण त्या वेळी आपल्याला ह्याच कवीची गरज होती, असे तो सांगतो.

ह्या हकीकतीतून काही गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की, औषध म्हणून काव्य निवडताना ग्रंथाची कीर्ती उपयोगी पडत नाही; रोग्याची प्रकृती आणि वेळ पाहावी लागते. बायरन आणि वर्ड्‌स्वर्थ हे दोघेही थोर कवी. पण एकाने रोग्याला आरसा दाखविला आणि दुसऱ्याने खिडकी उघडली. दुसरी गोष्ट अशी की, गुण हळूहळू आला. मिलला ही अवकळा पुढेही अधूनमधून येत राहिली. पण पहिल्यासारखी गाढ निराशा पुन्हा झाली नाही. आणि तिसरी गोष्ट अशी की, काव्याने त्याचा बुद्धिवाद हिरावून घेतला नाही. तो पूर्वीइतकाच तर्कनिष्ठ राहिला. फक्त भावनांची जोपासना हाही मनुष्याच्या शिक्षणाचा एक आवश्यक भाग आहे, हे त्याच्या तत्त्वज्ञानात कायमचे समाविष्ट झाले. मनाची वाढ म्हणतात ती हीच. आजारातून उठलेला मनुष्य पूर्वी होता तेथे परत गेला नाही, तर एक पाऊल पुढे गेला.

मिल हा वाचक होता. आता दुःखी मनुष्य स्वतःच बोलू लागतो तेव्हा काय घडते, ते पाहावे. त्याविषयी आपल्या परंपरेइतके मूलगामी चिंतन क्वचितच कोठे झाले असेल. आदिकाव्याची जन्मकथाच शोकाची आहे. क्रौंच पक्ष्यांच्या जोडप्यातील नर व्याधाने मारला. त्याच्या सहचरीचा आक्रोश वाल्मीकीने ऐकला. आणि त्याच्या मुखातून जे बाहेर पडले ते छंदात होते. आपण हे काय बोलून गेलो, असा विस्मय खुद्द ऋषीलाच वाटला. ह्या कथेतील मर्म असे की, क्रौंच पक्षी जिवंत झाला नाही, शोकही लुप्त झाला नाही. शोकाला चरण मिळाले, मात्रा मिळाल्या, आरंभ आणि शेवट मिळाला. जे अफाट होते ते मोजलेले झाले. भवभूतीने उत्तररामचरिताच्या तिसऱ्या अंकात ह्याच विषयासाठी तुडुंब भरलेल्या तलावाचा दृष्टांत योजला आहे: पाण्याला वाट करून देणे हाच फुटू पाहणाऱ्या तलावावरचा उपाय, तसेच शोकाने भरलेल्या हृदयाचेही. ग्रीसमध्ये ॲरिस्टॉटलने शोकांतिकेच्या संदर्भात करुणा आणि भीती ह्यांच्या विरेचनाची कल्पना मांडली, तीही ह्याच जातीची. मात्र तलावाच्या दृष्टांतात एक अर्थ अधिक आहे. पाणी वाटेल तेथून फुटले तर गाव वाहून जाते. ते सांडव्याने गेले तर तलाव टिकतो. छंद हा शोकाचा सांडवा आहे.

हा सिद्धांत ज्यांनी कधी ऐकलाही नव्हता, त्यांनीच तो शतकानुशतके आचरणात आणला. जात्यावर दळणाऱ्या मराठी स्त्रिया त्या होत. पहाटेच्या अंधारात, घर निजलेले असताना, एक किंवा दोघी जणी जात्याशी बसत. एका हाताने खुंटा फिरवावयाचा, दुसऱ्या हाताने धान्याचे वैरण घालावयाचे, आणि दगडाच्या घरघरीवर ओवी म्हणावयाची. सासरी दिवसभर जे बोलता येत नसे ते त्या वेळी बोलता येई. माहेरची आठवण, न येणारा भाऊ, गेलेले मूल, नवऱ्याची उपेक्षा, सारे त्या चार चरणांत मावे.

ओवीने दुःख हलके होत असे ते कशाने, ह्याचा विचार केला म्हणजे काव्याच्या उपचाराचे सारे कार्य उलगडते. प्रथम, हातांची गती आणि श्वासाची गती एक होई. हुंदक्याने तुटलेला श्वास जात्याच्या फेऱ्याबरोबर पुन्हा लयीत येई. दुसरे, ओवीचा साचा तयार असे. दुःखाच्या भरात माणसाला नवे शब्द सुचत नाहीत. तेव्हा आजीपणजीने घडवून ठेवलेले शब्द हाताशी असणे हा फार मोठा आधार असतो. त्या साच्यात आपला एखादा शब्द घातला, भावाचे किंवा गावाचे नाव घातले, की ओवी आपली होई. तिसरे, दळणारी स्वतःविषयी बोलत असूनही उघड बोलत नसे. ती सीतेच्या वनवासाची ओवी म्हणे. रानात एकट्या पडलेल्या सीतेला कोणी विचारणारे नाही, हे गाताना आपल्यालाही विचारणारे कोणी नाही, हे सांगून होई; आणि त्याबद्दल तिला कोणी जाब विचारू शकत नसे. चौथे, ती एकटी नसे. समोर बसलेली जाऊ किंवा नणंद पुढची ओवी उचले. आणि समोर कोणी नसले तर जातेच ऐके. जात्याला जिवलग मानून त्याच्याशी हितगुज करणाऱ्या ओव्या पुष्कळ आहेत. आणि शेवटी, दळण सरे. फटफटू लागे, पीठ भरून ठेवून उठावे लागे. दुःखाला बसण्याची जागा होती, तशी उठण्याची वेळही होती.

ह्या ओव्यांचे धन आज बऱ्याच अंशी सुरक्षित आहे. साने गुरुजींनी ‘स्त्री-जीवन’ ह्या संग्रहात त्या गोळा केल्या. पुढे हेमा राईरकर आणि गी प्वातवँ ह्यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या खेड्याखेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या, आणि २०१७ पासून ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ ह्या संस्थेने त्या गायिकांच्या आवाजासह प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. लाख ओव्या म्हणजे लाख वेळा कोणीतरी आपली व्यथा मात्रांत बसविली, असाच त्याचा अर्थ नाही काय?

ह्याच परंपरेतून बहिणाबाई चौधरी आल्या. खानदेशातील आसोदे गावची ही लेक जळगावच्या चौधरींच्या घरी आली. अक्षरओळख नव्हती. ऐन तारुण्यात वैधव्य आले, आणि पुढचे सारे आयुष्य मुले, शेत आणि चूल ह्यांच्या कष्टात गेले. काम करता करता त्या गाणी रचीत. जवळच्यांनी ती टिपून ठेवली. १९५१ च्या डिसेंबरमध्ये त्या वारल्या, आणि १९५२ साली आचार्य अत्रे ह्यांच्या प्रस्तावनेसह त्यांची गाणी प्रसिद्ध झाली, तेव्हा महाराष्ट्र थक्क झाला. त्यांच्या काव्यात वैधव्याचे दुःख आहे. पण ते दुःख तेथेच बसून राहत नाही. ते शेताकडे जाते, पाखराच्या घरट्याकडे पाहते, माणसाच्या मनाच्या चंचलपणाकडे हसून पाहते. मिलला वर्ड्‌स्वर्थमध्ये जी खिडकी सापडली, ती बहिणाबाईंनी आपल्या हातांनी उघडली होती.

गद्यातूनही हे साधते, ह्याचे उदाहरण लक्ष्मीबाई टिळक. शाळेचे शिक्षण नाही म्हटले तरी चालेल. १८९५ साली पतीने ख्रिस्ती धर्म स्वीकारला, आणि पुढची काही वर्षे ह्या पतिपत्नीची ताटातूट झाली. समाजाचा रोष, परावलंबन, मुलाची काळजी ह्या सर्वांतून त्या गेल्या. १९०० साली त्यांनीही तो धर्म स्वीकारला. १९१९ साली टिळक वारले. त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुरे केले, आणि १९३४ पासून त्यांची ‘स्मृतिचित्रे’ ग्रंथरूपाने प्रसिद्ध होऊ लागली. ह्या पुस्तकातील प्रसंग नुसते मोजले, तर ते रडण्याचे पुस्तक व्हावयास हवे होते. प्रत्यक्षात मराठीत इतके प्रसन्न पुस्तक दुसरे क्वचितच असेल. ज्या गोष्टीने त्या वेळी डोळ्यांत पाणी आणले, तीच गोष्ट सांगताना लेखणीला हसू फुटते. आणि ते हसू कोणाचा उपहास करीत नाही, स्वतःला मात्र सोडीत नाही. आपल्या दुःखाकडे जरा दूर उभे राहून पाहता येणे, ही बरे होण्याची खूण आहे. जी गोष्ट आपण सांगू शकतो, तिच्या तावडीत आपण पूर्वीइतके राहत नाही.

येथपर्यंत काव्याचा गुण सांगितला. त्याचे भयही सांगितले पाहिजे. सहाव्या शतकातील रोमन पंडित बोएथियस हा उच्च पदावरून थेट कारागृहात फेकला गेला, आणि ५२४ च्या सुमारास त्याला देहान्त शासन झाले. कारागृहात लिहिलेल्या त्याच्या ग्रंथाचा आरंभ मोठा मार्मिक आहे. तो दुःखाच्या कविता रचीत पडला आहे आणि काव्यदेवता त्याच्या उशाशी बसल्या आहेत. इतक्यात तत्त्वविद्या एका तेजस्वी स्त्रीच्या रूपाने प्रवेश करते, आणि प्रथम त्या काव्यदेवतांना हाकलून लावते. कारण त्या रोग्याला बरे करीत नाहीत, त्याच्या रोगाला गोड खाऊ घालतात. येथवर वाचले तर हा काव्याचा निषेध वाटेल. पण पुढे तीच तत्त्वविद्या त्याला समजावताना गद्याबरोबर पद्याचाही आश्रय घेते, आणि साऱ्या ग्रंथभर गद्य आणि पद्य आळीपाळीने येत राहते. म्हणजे आक्षेप काव्यावर नाही. दुःख कुरवाळीत बसणाऱ्या काव्यावर आहे.

गटेचे ‘वेर्थर’ हे दुसरे उदाहरण. १७७४ साली प्रसिद्ध झालेली ही प्रेमनैराश्याची कादंबरी. ती लिहून झाल्यावर पापनिवेदन केल्यासारखे आपल्याला मोकळे वाटले, असे गटेने आत्मवृत्तात नमूद केले आहे. लेखक मोकळा झाला. पण नायकाचे अनुकरण करण्याची लाट काही तरुण वाचकांत पसरली, आणि १७७५ साली लायप्‌झिग शहरात त्या पुस्तकाच्या विक्रीवर बंदी घालण्यात आली. एकाच कृतीने लिहिणाऱ्याला तारले आणि वाचणाऱ्यांपैकी काहींना बुडविले. ज्या पुस्तकातून उठताना मनुष्य स्वतःभोवतीच अधिक घट्ट गुंडाळला जातो, ते पुस्तक कितीही सुंदर असो, त्या वेळी त्याच्यापुरते अपथ्य समजावे.

आधुनिक काळात ह्या विषयाला शास्त्राचेही थोडे पाठबळ मिळाले आहे. १९१६ साली सॅम्युएल क्रॉदर्स ह्या अमेरिकन लेखकाने ग्रंथोपचार ह्या अर्थाचा इंग्रजी शब्द प्रथम वापरला, तो एका विनोदी लेखात. पण शब्द टिकला. १९८६ साली जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील ह्या मानसशास्त्रज्ञांनी ४६ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगाचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. ह्या विद्यार्थ्यांना सलग चार दिवस रोज पंधरा मिनिटे लिहावयास सांगितले होते. काहींनी क्षुल्लक विषयांवर लिहिले, तर काहींनी आपल्या आयुष्यातील सर्वांत दुःखद प्रसंगावर. दुःखाविषयी लिहिणाऱ्यांना लिहून झाल्याबरोबर बरे वाटले नाही. उलट मन अधिक खिन्न झाले. पण ज्यांनी काय घडले आणि त्या वेळी काय वाटले, ह्या दोन्ही गोष्टी एकत्र लिहिल्या, त्यांना पुढील महिन्यांत वैद्याकडे जाण्याचे प्रसंग कमी आले. नुसती घटना किंवा नुसता भावनेचा उद्रेक पुरेसा होत नाही; दोन्हींची सांगड पडावी लागते. पुढे अशा प्रकारचे पुष्कळ प्रयोग झाले, आणि लाभ होतो, पण तो सरासरीने बेताचाच असतो व सर्वांना सारखा होत नाही, असे दिसून आले. इंग्लंडमध्ये २०१३ पासून सौम्य मानसिक तक्रारींसाठी वैद्यांनी पुस्तक सुचवावे आणि ते सार्वजनिक ग्रंथालयातून मिळावे, अशी योजना सुरू झाली.

ह्या विद्येची मर्यादाही ध्यानात ठेवली पाहिजे. ज्याची झोप आणि अन्न आठवडेच्या आठवडे तुटले आहे, ज्याच्या मनात जीव देण्याचे विचार येत आहेत, त्याच्या हाती कवितासंग्रह देऊन स्वस्थ बसणे हे क्रौर्य होय. तेथे वैद्यच हवा, आणि विनाविलंब हवा. मोडलेल्या हाडाला आधी लाकडी पट्टी बांधतात, मग व्यायाम सांगतात. काव्य हे त्या व्यायामाच्या जातीचे आहे.

मग सामान्य मनुष्याने ह्यातून काय घ्यावे? काही साध्या गोष्टी आहेत. दुःख आल्यावर कविता शोधू लागणे म्हणजे आग लागल्यावर विहीर खणणे होय. म्हणून सुखाच्या दिवसांत काही कविता, काही अभंग, काही स्तोत्रे पाठ असावीत. पाठ असलेले शब्द रात्री दिवा न लावता हाताशी येतात. कविता मोठ्याने म्हणावी. कारण तिचा अर्धा गुण तिच्या लयीत आहे, आणि मुक्याने वाचल्यास तो कागदावरच राहतो. एक वही असावी. तिच्यात काय घडले ते आणि त्या वेळी काय वाटले ते, असे दोन्ही लिहावे. ते चांगले लिहिले आहे की नाही, ह्याची काळजी करू नये, कारण ती वही छापण्यासाठी नाही. दुसऱ्याच्या दुःखात पुस्तक द्यावयाचे असेल, तर ते उशाशी ठेवून यावे; वाचलेस का, असे विचारू नये.

शाळेवरही ह्यात एक जबाबदारी येते. वर्गात कविता शिकविताना शब्दार्थ, अलंकार आणि तात्पर्य ह्यांची यादी मुलांकडून लिहून घेतली जाते. परीक्षेसाठी ते अपरिहार्य असेल. परंतु वर्गातील एखाद्या मुलाची आई नुकतीच वारलेली असते, एखाद्याच्या घरी रोज भांडण होत असते, आणि ते कोणाला माहीत नसते. त्या मुलाला तात्पर्य नको असते. कविता नीट, सावकाश, दोनदा म्हणून दाखविली आणि क्षणभर वर्ग शांत राहू दिला, तर तिच्यातून त्याला जे घ्यावयाचे असेल ते तो घेतो. त्याने काय घेतले हे शिक्षकाला कळलेच पाहिजे असे नाही.

आणि जे मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्राबाहेर नांदत आली आहेत, त्यांच्यापुढे ह्याच प्रश्नाचे एक निराळे रूप उभे आहे. ग्वाल्हेरीत, इंदुरात, बडोद्यात, हैदराबादेत, बेळगावात मुले आज बहुधा दुसऱ्या भाषांतून शिकतात, दुसऱ्या भाषांतून नोकऱ्या करतात, आणि त्यात वावगे काही नाही. व्यवहार कोणत्याही भाषेत उत्तम होतो. पण आजी वारल्यावर तिच्याविषयी बोलावयाचे तर तिच्या भाषेचे शब्द लागतात. ते जवळ नसले तर दुःख मुके राहते, आणि मुके दुःख लवकर शिळे होत नाही. सयाजीराव महाराजांनी १९१० पासून बडोदे राज्यात गावोगाव ग्रंथालये उभी करण्याचा उपक्रम हाती घेतला, आणि इतर शहरांतूनही मराठी मंडळींनी वर्गणी काढून ग्रंथसंग्रह जमविले. त्या कपाटांत आपल्याच माणसांनी आपल्यासाठी ठेवलेले शब्द आहेत.

जाती आता फिरत नाहीत. पीठ गिरणीतून येते, आणि बायांच्या खांद्यांना विसावा मिळाला हे चांगलेच झाले. पण जात्याशी जो एक तास प्रत्येकीच्या दुःखाचा म्हणून राखलेला होता, तोही त्याबरोबर गेला, आणि त्याच्या जागी दुसरा कोणी आणून दिला नाही. प्रत्येक घराने तो आपल्यापुरता पुन्हा राखला पाहिजे. रात्री जेवणे झाल्यावर पाव तास कोणीतरी काहीतरी मोठ्याने वाचावे आणि बाकीच्यांनी ऐकावे, एवढ्यानेही आरंभ होईल. ऐकणाऱ्यांपैकी कोणाला त्या दिवशी त्या शब्दांची गरज होती, हे कदाचित कधीच कळणार नाही. पण गरज असेल त्या दिवशी ते शब्द त्या घरात असतील.